हजेरीपट आणि हप्ता

मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं सरकारच्या दुष्काळी कामांवर होती. कोणी पाझर तलावाची माती वाहत होतं, कोणी नालाबांध घालत होतं, कोणी रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडत होतं. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती. म्हणजे लेकराबाळांसकट मोजलं तरी दर दहा माणसांमागे एक माणूस सरकारी हजेरीपटावर. त्या हजेऱ्या घेणाऱ्या तरुण कर्मचाऱ्यांपैकी एक जण पुढे शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले आणि आता पंचाहत्तरीत सांगलीला राहतात. त्यांची भाची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवते. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर मशीनिंग करून ट्रॅक्टर आणि मोटारींचे भाग पुरवायचे, हा तिचा व्यवसाय. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, एका प्रश्नावर मात्र त्यांचं कधी जमत नाही: मंदी आली की सरकारनं करायचं काय?

मामांचं उत्तर ठरलेलं आहे. सरकारनं काम काढायचं आणि मजुरी द्यायची. भाचीचंही ठरलेलं आहे. सरकारनं आपली देणी वेळेवर द्यायची आणि मग वाटेतून बाजूला व्हायचं.

मामा १९७२ साली जत तालुक्यात एका पाझर तलावाच्या कामावर ओव्हरसीअर म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांच्या हातात मोजायचा टेप, मोजमाप पुस्तक आणि हजेरीपट एवढंच होतं. मजुरी काम मोजून मिळायची. प्रत्येक टोळीला खणायला जागा आखून द्यायची, खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच उभा ठेवायचा आणि आठवड्याच्या शेवटी त्या खांबाच्या उंचीवरून किती माती निघाली ते काढायचं. काही टोळ्या रात्रीत त्या खांबाच्या डोक्यावर वीतभर माती थापून उंची वाढवत. मामांना ते कळायचं. टेप लावायच्या आधी खांबावर टाच मारून बघायचं, हे त्यांना पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या मुकादमानं शिकवलं होतं.

"पण माझ्या ध्यानात राहिलं ते वेगळंच," ते सांगतात. "त्या टोळ्यांत चांगली पंधरा-वीस एकरांची खातेदार माणसं होती. पाटलांच्या घरच्या बायका डोक्यावर पदर घेऊन पाटी उचलत होत्या. आणि धान्य काय जगातून संपलं नव्हतं. अमेरिकेचा मिलो येत होता, रेशनवर लाल गहू होता, कामावर सुकडी वाटत होतो. पण ते घ्यायला खिशात पैसा नको? तो आमच्या हजेरीपटातून आला. शनिवारी पगार वाटला की रविवारच्या बाजाराला लोक दिसायचे. त्याच्या आधीच्या बाजारात नुसते दुकानदार बसून."

भाचीला हा दाखला मान्य नाही. "मामा, दुष्काळ वेगळा आणि मंदी वेगळी. दुष्काळात पाऊस पडला नाही हे आभाळाकडं बघून कळतं. माझ्याकडं २०१९ला काय कमी होतं? मशीन चालू, माणसं हाताशी, कच्चा माल येऊन पडलेला. फक्त माल घेणारा नव्हता."

"अगं, मग मी दुसरं काय सांगतोय?"

२०१९ची ती मंदी कोल्हापूर-पुण्याच्या पट्ट्याला फार लागली होती. ऑगस्ट २०१९मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घसरली. शोरूममध्ये गाडी उभी राहिली की कंपनी महिन्यातले काही दिवस कारखाना बंद ठेवते. कंपनी बंद राहिली की शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फौंड्र्यांची भट्टी एका पाळीवर येते. भट्टी एका पाळीवर आली की भाचीच्या शेडमध्ये रात्रपाळीचे दिवे लागत नाहीत. या साखळीत शेवटच्या टोकाला असतो तो ओव्हरटाइमवर घरभाडं भागवणारा ऑपरेटर. त्याची नोकरी जात नाही, नुसता ओव्हरटाइम जातो, आणि कुठल्याही बेरोजगारीच्या आकड्यात तो दिसत नाही.

सरकारनं तेव्हा काय केलं? २० सप्टेंबर २०१९ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत, जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी, कंपन्यांवरचा प्राप्तिकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. सवलती न घेणाऱ्या कंपन्यांसाठी हा दर होता. सरकारी तिजोरीचं वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न त्यात जाईल, असं त्याच दिवशी सांगण्यात आलं. शेअर बाजार त्या दिवशी उसळला. भाचीच्या हाती मात्र काहीच पडलं नाही, कारण तिचा व्यवसाय भागीदारी फर्म आहे आणि फर्मचा कर ३० टक्केच राहिला.

"आणि मला तो कर कमी करून मिळाला असता तरी काय फरक पडला असता?" ती विचारते. "कर नफ्यावर असतो. मला नफा नको होता, ऑर्डर हवी होती."

हे वाक्य मामांनी उचलून धरलं नसतं तरच नवल. करकपात खरेदी करणाऱ्याऐवजी विकणाऱ्याच्या हाती गेली, तिथंच सगळं बिघडलं, असं ते म्हणतात. ज्याची मजुरी हातात पडली की चार दिवसांत बाजारात जाते, त्याला दिलेला रुपया फिरतो. ज्याच्याकडे आधीच आहे, तो त्या रुपयातून जुनं कर्ज फेडतो. मामांनी अर्थशास्त्रज्ञ केन्सचा १९३६चा ग्रंथ वाचलेला नाही, पण जतच्या बाजारात त्यांना जे दिसलं ते त्यात मांडलेल्या विचारापासून फार दूर नाही.

भाची अर्थशास्त्राची पदवीधर आहे. ती केन्सला नाकारत नाही, पण त्याचं नाव घेऊन जे केलं जातं त्याला तिचा आक्षेप आहे, आणि त्यासाठी ती २००८ पुढे करते.

१५ सप्टेंबर २००८ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. आपल्याकडे निर्यात बसली, सुरतेचे हिरे आणि तिरुपूरचे कपडे अडकले. डिसेंबरमध्ये केंद्रानं उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी कमी केलं, फेब्रुवारीत आणखी दोन टक्के. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५वर आणला. वाढ लवकर सावरली. "पण मग थांबायचं कुणी?" भाची विचारते. "शुल्क बरंचसं परत वर जायला २०१२ उजाडलं. तोवर महागाई दोन आकड्यांत. बँकांनी रस्ते, वीज, पोलाद यांना हात सैल सोडून कर्जं दिली होती. मार्च २०१८ला बँकांची ११ टक्क्यांवर कर्जं थकीत निघाली. आणि बँकांचे हात पोळले की सगळ्यात आधी कुणाचं लिमिट कापतात? माझ्यासारखीचं. दिल्लीनं २००९मध्ये मंदी घालवली, तिचं बिल माझ्याकडं दहा वर्षांनी आलं."

यातली एक गोष्ट तपासून घ्यायला हवी. २००८-०९ची तूट सगळी लेहमनच्या खात्यावर मांडता येत नाही. शेतकरी कर्जमाफीची घोषणा फेब्रुवारी २००८च्या अर्थसंकल्पात झाली होती, सहाव्या वेतन आयोगाचा निर्णय ऑगस्टमध्ये झाला होता आणि लोकसभेची निवडणूक २००९मध्ये होती. मंदी यायच्या आधीच खर्चाचे निर्णय झाले होते. मंदीनं त्यांना चांगलं कारण मिळवून दिलं. पण याने भाचीचा मुद्दा पडत नाही, उलट वजनदार होतो. मंत्र्याच्या मर्जीनं सुरू होणारा खर्च मंत्र्याच्या मर्जीनंच बंद होतो, आणि बंद करण्याची मर्जी कुणाला सहसा होत नाही.

मामा यावर जरा थांबतात आणि मग थेट १८७७मध्ये जातात.

दख्खनच्या त्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटनच्या सरकारचं धोरण पक्कं होतं: धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही, खर्च आटोक्यात ठेवायचा. पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. याच टेंपल यांनी १८७४मध्ये बिहारला ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं वाचवली होती आणि उधळपट्टी केली म्हणून बोलणी खाल्ली होती. या खेपेला त्यांनी प्रौढ पुरुषाची दिवसाची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला ते पुरेना. मुंबई इलाख्यातल्या कामांवरून लाखाच्या आसपास मजूर काम टाकून निघून गेले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. लाखो माणसं गेली. धान्य त्या काळातही बंदरांतून बाहेर जात होतं.

"सरकार बाजूला झालं की काय होतं ते आपल्याच मुलखात होऊन गेलंय," मामा म्हणतात.

"मी सरकारला बाजूला हो म्हणते ते माणसं मरायला सोडून नव्हे," भाची ताडकन उत्तर देते. "माणूस उपाशी राहायला नको, इथवर तुमचं माझं एकच आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कुणी, कधी, कुणाला द्यायचं हे साहेबाच्या मनावर का? तुमच्या टेंपलसाहेबाचंच बघा. एकाच माणसानं तीन वर्षांत दोन टोकं गाठली, कारण वरचा साहेब बदलला."

या वादातली सगळ्यात धारदार गोष्ट ही, आणि ती बाजाराची बाजू घेणाऱ्या भाचीनं सांगितली. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मामांच्या खात्यात सापडतं.

वि. स. पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला: गावात जो कोणी अंगमेहनतीचं काम मागेल, त्याला काम द्यायचं. १९७२चा दुष्काळ वसंतराव नाईकांच्या सरकारनं जुन्या पद्धतीच्या दुष्काळी कामांवर निभावला, पण तो ओसरल्यावर पाग्यांची कल्पना कायद्यात उतरली. रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये सर्व पक्षांच्या पाठिंब्यानं झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही मिळालं तर दिवसाला एक रुपया भत्ता. किमान ५० मजुरांनी मागणी केली की नवं काम काढायचं. म्हणजे तंगी आली आहे की नाही हे मुंबईत बसून कोणी ठरवायचं नव्हतं. ते मजुराच्या अर्जावरून ठरायचं. आणि सुगीला शेतात बरी मजुरी मिळू लागली की मजूर आपोआप कामावरून उतरायचा. उन्हाळ्यात हजेरी चढायची, खरिपाच्या पेरणीला घसरायची. २००८ नंतर भाची जी कळ शोधत होती, खर्च आपणहून बंद करणारी, ती इथे मजुराच्याच हातात होती.

पैसाही आधीच बाजूला काढलेला. मामांनी हे सांगितलं तेव्हा भाचीला ते माहीत नव्हतं, आणि नवल म्हणजे ती तो दर महिन्याला भरते. व्यवसाय कर. कामगाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली लागू झाला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातला पगारदार आणि व्यावसायिक यानं खेड्यातल्या भूमिहीनाच्या कामाचा खर्च उचलायचा, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्यानं घालायची, अशी ती योजना. देशात असं उदाहरण दुसरं नव्हतं.

"म्हणजे माझे ऑपरेटर गेली कित्येक वर्षं याचे पैसे भरतायत आणि त्यांच्यावर वेळ आली तेव्हा त्यांना यातलं काही नाही?"

मामांकडे यावर उत्तर नव्हतं. भाची थांबली नाही. या कराचा पैसा योजनेवर पुरता खर्च होत नाही, ही तक्रार विधिमंडळात वर्षानुवर्षं झाली. हजेरीपटावर खोटी नावं, न झालेल्या कामांची बिलं, रस्त्याकडेला पडून राहिलेले खडीचे ढीग, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. १९८८मध्ये मजुरीचे दर किमान वेतनाच्या पातळीवर जवळजवळ दुप्पट झाले, आणि त्यानंतर कामावरची हजेरी वाढण्याऐवजी कमी झाली. मागेल त्याला काम हे कायद्यात होतं, पण खर्च वाढणार म्हटल्यावर कामं काढायलाच टाळाटाळ होऊ लागली. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन रॅव्हेलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेवारीवरून हेच दाखवलं. हमी कागदावर राहिली आणि तहसील कचेरीत अर्ज घेईनात.

मामांनी हे नाकारलं नाही. त्यांनी स्वतः अशी कचेरी पाहिली आहे. ते फक्त एवढंच म्हणाले, की कायदा होता म्हणून लोक मोर्चा घेऊन कचेरीत येऊ शकत होते. १८७७च्या मजुराला काम टाकून निघून जाण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. योजनेतून नुसती खडी निघाली हेही त्यांना पटत नाही. १९९०नंतर रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. आंबा, डाळिंब, बोर, काजू यांच्या बागा कोरडवाहू जमिनीवर उभ्या राहिल्या. आटपाडी-सांगोल्याकडून पुण्याकडे डाळिंबाचे जे ट्रक जाऊ लागले, त्यात या योजनेच्या खड्ड्यांचा वाटा होता.

मग २०२० आलं. या वर्षाबद्दल दोघं बोलतात तेव्हा बाजू अदलाबदल होतात.

टाळेबंदी २५ मार्चपासून सुरू झाली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा जवळपास २४ टक्क्यांनी आकसलं. भाचीचं शेड बंद, फौंड्रीकडचं येणं नव्वद दिवसांवरून किती लांबणार ते सांगायला कोणी फोन उचलेना, आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता समोर. केंद्रानं मे महिन्यात लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटींपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. तारण नको, असलेल्या कर्जाच्या २० टक्के जास्तीचं कर्ज, व्याजाला सव्वानऊ टक्क्यांची मर्यादा, मुदत चार वर्षांची आणि पहिलं वर्ष मुद्दल फेडायचं नाही. भाचीनं ते घेतलं, त्यातून कामगारांचे पगार केले आणि नंतर सगळं फेडलं.

"सरकारनं मला पैसे दिले नाहीत," ती सांगते, "जामीन राहिलं. मला तेवढंच हवं होतं. बँक एरवी दारात उभी करत नव्हती, तिनं आपणहून फोन केला."

मामांना हे पुरेसं वाटत नाही. "तुला चालतं कर्ज होतं म्हणून त्याच्या २० टक्के मिळालं. ज्यानं कधी बँकेची पायरी चढली नाही त्याचं काय? कर्ज म्हणजे उद्याच्या कमाईतून आज खायचं. ज्याची उद्याची कमाईच गेली, त्याला कर्ज काय कामाचं?" आणि मग ते भाचीला तिच्याच शेडमधल्या माणसांची आठवण करून देतात. बिहार आणि उत्तर प्रदेशातले तिचे ऑपरेटर मे महिन्यात श्रमिक रेल्वेनं गावी गेले. तिथं त्यांना आधार कशाचा होता? रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य आणि रोजगार हमी. महाराष्ट्राच्या कायद्यावरून प्रेरणा घेऊन २००५मध्ये देशाचा कायदा झाला होता. २०२०-२१मध्ये त्यावर ६१,५०० कोटींची तरतूद होती, मेमध्ये आणखी ४० हजार कोटी दिले गेले, आणि वर्षभरात ११ कोटींहून जास्त माणसांनी त्या कामांवर मजुरी केली. नवी योजना आखावी लागली नाही, नवं कार्यालय थाटावं लागलं नाही. गावात जॉबकार्ड होतं, ग्रामसेवक होता, मस्टर निघालं.

"आणि म्हणून माझी माणसं दिवाळीपर्यंत परत आली नाहीत," भाची म्हणते. तिला दोन ऑपरेटरना पगार वाढवून बोलवावं लागलं. हे ती तक्रारीच्या सुरात सांगते. मामा तेच अभिमानानं ऐकतात. पंजाबातला गव्हाचा शेतकरी, सांगलीतला द्राक्ष बागायतदार आणि शिरोलीची कारखानदार, मजूर महाग झाल्याबद्दल यांचं गाऱ्हाणं एकच आहे. खरं सांगायचं तर कुठल्याही हमीनं हेच व्हायला हवं. पडेल त्या भावाला राबायची सक्ती उठली, की राबणाऱ्याचा भाव थोडा तरी वर येतो.

पण त्या वर्षात भाचीच्या वहीत आणखी एक नोंद आहे. मोटारींच्या ऑर्डरी यायच्या कितीतरी आधी ट्रॅक्टरच्या ऑर्डरी परत आल्या. २०२०-२१मध्ये देशात सुमारे नऊ लाख ट्रॅक्टर विकले गेले, तोवरचा उच्चांक. मामा याचं श्रेय गावात गेलेल्या सरकारी पैशाला देतात. भाची ते चांगल्या पावसाला देते. दोघांपैकी कुणालाच पूर्ण खोडता येत नाही. ट्रॅक्टर मजुरीवर जगणारा घेत नाही, शेतकरी घेतो; पण गावात चार पैसे फिरत असले की शेतकरी डाऊन पेमेंट भरायचं धाडस करतो. भाचीच्या ऑपरेटरना त्या वर्षी पहिला ओव्हरटाइम मिळाला तो ट्रॅक्टरच्या कामावर.

मामांना सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट राज्याची आहे. मे २०२०मध्ये महाराष्ट्र शासनानं विकासकामांवरच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली, नवी कामं थांबवली, नोकरभरती बंद केली. त्याआधी मार्चचे पगारही हप्त्याहप्त्यानं देण्याची वेळ आली होती. राज्याला नोटा छापता येत नाहीत, कर्जाची मर्यादा केंद्र ठरवतं, आणि जीएसटी आल्यापासून कर वाढवायला हातात फारसं काही उरलेलं नाही. तेव्हा राज्य एखाद्या तंगीतल्या घराप्रमाणे वागतं, आणि नेमकं चुकीच्या वेळी. रूझवेल्टनं १९३७मध्ये अंदाजपत्रक जुळवण्यासाठी खर्च कापला आणि सावरत आलेली अमेरिका पुन्हा घसरली. महाराष्ट्रानं हे हौसेनं केलं नाही. त्याच्याकडे दुसरी वाटच ठेवलेली नव्हती.

"मग एक सांगा," भाची म्हणते, "खेड्यातल्या माणसासाठी तुमचं मस्टर आहे. माझ्या ऑपरेटरसाठी काय? तो काय टिकाव घेऊन तलावावर जाणार आहे का? आणि गेला तर त्याचा हात बिघडेल. मायक्रोमीटर धरणारा हात आहे तो."

इथं ती जर्मनीचं उदाहरण काढते. तिथं मंदीत कारखाना कामाचे तास कमी करतो, कामगाराला काढत नाही. बुडालेल्या पगाराचा ६० टक्के भाग, मुलंबाळं असतील तर ६७ टक्के, सरकारी रोजगार संस्था भरते. पैसा बेकारी विम्याच्या वर्गणीतून येतो. २००९मध्ये यामुळे लाखो कुशल कामगार कारखान्यातच राहिले आणि ऑर्डरी आल्या तशा मशीनवर उभे राहिले. एप्रिल २०२०मध्ये जवळपास ६० लाख कामगारांचा पगार या वाटेनं आला.

आपल्याकडे असं काहीच नाही असं नाही. कामगार राज्य विमा महामंडळानं २०१८मध्ये नोकरी गेलेल्या विमाधारकासाठी योजना आणली. २०२०मध्ये ती वाढवून ९० दिवसांपर्यंत अर्धा पगार केला. पण ती नोकरी गेल्यावरची आहे. ओव्हरटाइम गेलेल्याला, आठवड्याचे तीनच दिवस काम असलेल्याला तिच्यात जागा नाही. भाचीची मागणी नेमकी आहे. जुलै २०१९मध्ये या विम्याची मालकाची वर्गणी ४.७५ टक्क्यांवरून ३.२५वर आणली गेली. "त्यातला अर्धा टक्का परत घ्या. मी भरीन. पण तो वेगळ्या खात्यात ठेवा आणि मंदीत माझ्या माणसांचे तास भरायला वापरा. व्यवसाय करासारखं नको, की भरणाऱ्यालाच माहीत नाही कशाला भरतोय."

व्यवसाय कर आणि मस्टर यांच्या आधारावर चाललेला मामांचा जुना विचार शहरात आणला तर तो असाच काहीतरी दिसेल. आधी जमवलेला पैसा, कायद्यात लिहिलेला हक्क, आणि वेळ टळली की आपोआप थांबणारा खर्च. भाचीनं तो स्वतःहून मांडला हे मामांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांना शंका दुसरीच होती.

"मंदी आहे हे जाहीर कोण करणार? आमच्याकडं पिकाची पैसेवारी असते. पन्नास पैशांच्या खाली आली की टंचाई. पण ती पैसेवारी काढताना गावोगाव काय ओढाताण चालते ते मी बघितलंय."

भाचीचं म्हणणं, वीजवापर बघा. एमआयडीसीच्या फीडरवर किती युनिट गेली ते महावितरणला रोज कळतं, जीएसटीची विवरणं दर महिन्याला जातात. दोन्ही आकडे ठराविक टक्क्यांनी, सलग तीन महिने घसरले की खातं उघडायचं, वर आले की बंद. कोणा मंत्र्याची सही नको.

मामांनी ते मान्य केलं, आणि मग विचारलं, की तिच्याकडे जॉबवर्क करून देणाऱ्या त्या पत्र्याच्या शेडांचं काय, जिथं सात-आठ माणसं काम करतात. राज्य विम्याचा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला लागतो. ती माणसं कुठल्याच यादीत नाहीत.

"ई-श्रमवर आहेत," भाची म्हणाली. २०२१पासून त्या नोंदणीत देशातले ३० कोटींवर असंघटित कामगार आले आहेत, नाव, बँक खातं आणि धंद्यासकट. तिच्या शेजारच्या शेडमधल्या पोरांची नावं तिनंच बसून भरून दिली होती. यादी तयार आहे, पण तिच्यामागे वर्गणी नाही, हक्क नाही, १५ दिवसांची मुदत नाही. ती वर्गणी कुणी भरायची, आठ माणसांच्या शेडवाल्यानं, त्याला काम देणाऱ्या भाचीनं, की तिच्याकडून माल घेणाऱ्या कंपनीनं, यावर दोघांचं अजून चालू आहे. मामा म्हणतात, कंपनीनं. भाची म्हणते, कंपनी ते माझ्या दरातून कापून घेईल, त्यामुळे तो आकडा बिलावर वेगळा छापायचा कायदा आधी करा.